हिशेब मागणाऱ्या संस्था



ज्यांच्या स्मरणार्थ या वाचनालयात ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेत गणित शिकवत आणि संध्याकाळी पतसंस्थेची दप्तरे पाहत. वार्षिक सभेत ताळेबंद सभासदांना समजेल असा वाचून दाखवल्याशिवाय ते ठराव मांडू देत नसत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. अशा माणसाच्या नावाने बोलायचे तर हिशेबाबद्दलच बोलावे असे मला वाटले. कंपन्यांकडून समाजाने हिशेब मागायचा तर तो कोणी मागायचा, कशाच्या बळावर मागायचा आणि मागणाऱ्यांनी स्वतः कसे वागायचे, हा आजचा विषय आहे.

या विषयासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९९२ साली, देशात उदारीकरणाचे वारे नुकते सुरू झाले असताना, आपल्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात दोन मोठे प्रकल्प येऊ घातले. एक गुहागर तालुक्यात, वेलदूर-अंजनवेलच्या किनाऱ्यावर: एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प. दुसरा रत्नागिरी शहराजवळ: स्टरलाइट कंपनीचा तांबे शुद्धीकरणाचा कारखाना. दोन्हींना विरोध झाला. एक उभा राहिला, एक निघून गेला. आज तीसहून अधिक वर्षांनंतर या दोन्ही गोष्टींकडे पाहिले तर नागरी संघटना काय करू शकतात आणि कुठे कमी पडतात, हे दोन्ही दिसते.

आधी एन्रॉन. कंपनीचे शिष्टमंडळ जून १९९२ मध्ये आले आणि आल्यापासून काही दिवसांतच, २० जूनला, राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. निविदा निघाल्या नाहीत. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे केंद्र सरकारला कळवले आणि कर्ज नाकारले. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. २०१५ मेगावॅटचा तो प्रकल्प देशातली तोपर्यंतची सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक म्हणून सांगितला जात होता. करार मात्र गोपनीय होता. ज्या वीज मंडळाची बिले आपण भरत होतो, त्या मंडळाने आपल्या वतीने वीस वर्षांसाठी काय कबूल केले आहे, हे आपल्याला वाचता येत नव्हते.

त्या काळात पुण्यात ‘प्रयास’ नावाची एक लहानशी संस्था उभी राहत होती. गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे ही तिथली तरुण मंडळी. हातात मोर्चा नव्हता, पक्ष नव्हता, वर्तमानपत्र नव्हते. त्यांनी एक काम केले: करार मिळवला, कलमागून कलम वाचला आणि आकडे मांडले. जून १९९५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त त्यांचे विश्लेषण छापून आले.

त्यातला मुद्दा आजही समजून घेण्यासारखा आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. विजेचा दर दोन भागांचा असतो. एक भाग इंधनाचा, तो जेवढी वीज घ्याल तेवढाच द्यावा लागतो. दुसरा भाग क्षमतेचा, म्हणजे यंत्रे तयार ठेवल्याबद्दलचा. दाभोळच्या करारात हा दुसरा भाग असा बांधला होता की केंद्र सज्ज असेल तर वीज घ्या अथवा घेऊ नका, पैसे द्यावेच लागणार, आणि त्यातला मोठा वाटा डॉलरच्या भावाला जोडलेला. रुपया घसरला की बिल आपोआप वाढणार. मागणी कमी असलेल्या रात्रीही पैसे द्यायचेच असल्यामुळे मंडळाला आपली स्वस्त वीज देणारी केंद्रे बंद ठेवून महागडी वीज घेणे भाग पडणार. जाहीर चर्चा मात्र पहिल्या वर्षीच्या दराभोवती फिरत होती. प्रयासच्या मंडळींचे म्हणणे होते की पहिल्या वर्षाचा दर पाहू नका, वीस वर्षांचा बोजा पाहा. जोखीम कोणाच्या खांद्यावर टाकली आहे ते पाहा.

याच सुमारास कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले की भारतातल्या लोकांना ‘शिक्षित’ करण्यासाठी आणि प्रकल्पाच्या तयारीसाठी कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले आहेत. एका बाजूला हे २ कोटी डॉलर आणि दुसऱ्या बाजूला पुण्यातले चार-पाच अभियंते, हे प्रमाण लक्षात ठेवा. व्यवसायाच्या उत्तरदायित्वाबद्दल आपण जेव्हा बोलतो तेव्हा ताकदीचे हे प्रमाण गृहीत धरूनच बोलावे लागते.

पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या युती सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा मान्य केला, तोही एकूण क्षमता वाढवून. वेलदूर आणि आसपासच्या गावांतले मच्छीमार आणि शेतकरी आंदोलन करत राहिले. त्यांना अटका झाल्या, लाठ्या बसल्या, पहाटे घरांत पोलीस शिरले, बायकांनाही मारहाण झाली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये यावर स्वतंत्र अहवाल काढला आणि त्यात एक गोष्ट कागदावर आणली: प्रकल्पावर तैनात असलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्या पैशातून बंदोबस्त. ही माहिती बाहेर आली नसती तर वेलदूरच्या बायकांचे म्हणणे ‘स्थानिक विरोधकांचा कांगावा’ म्हणूनच नोंदले गेले असते.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. पुढच्याच वर्षी काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटमागे सात रुपयांच्या वर गेली. मंडळाला बिले भरता येईनात. २००१ च्या सुरुवातीला राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या समितीने एकामागून एक आलेल्या सरकारांच्या आणि यंत्रणांच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. मे २००१ च्या अखेरीस केंद्र बंद पडले. त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जगातली एक अव्वल लेखापरीक्षण संस्था, तीही त्या प्रकरणात संपली.

या शेवटच्या गोष्टीकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. पैसे घेऊन हिशेब तपासणाऱ्या नामांकित संस्थेला जे दिसले नाही किंवा दिसूनही सांगता आले नाही, त्याच कंपनीच्या एका कराराबद्दल पैसे न घेता काम करणाऱ्या पुण्यातल्या संस्थेने सहा वर्षे आधी नेमके सांगितले होते. अमेरिकेतला घोटाळा आणि दाभोळचा करार या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींची सांगड मी घालत नाही. मी बोलतो आहे ते तपासणाऱ्याच्या जागेबद्दल. अँडरसनची फी एन्रॉन देत होती. प्रयास एन्रॉनकडून काहीच घेत नव्हती.

मग कोणी म्हणेल, एवढे अचूक सांगूनही प्रकल्प थांबला नाहीच. खरे आहे. पण त्या लढ्यातून एक टिकाऊ गोष्ट उभी राहिली आणि ती प्रकल्प थांबण्याइतकीच मोलाची आहे. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. दर ठरवण्यापूर्वी जाहीर सुनावणी घ्यायची, प्रस्ताव आणि आकडे लोकांसमोर ठेवायचे, ग्राहकांच्या वतीने बोलणाऱ्यांना मान्यता द्यायची, ही पद्धत सुरू झाली. आयोगाने ज्या संस्थांना ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली त्यांत मुंबई ग्राहक पंचायत आणि प्रयास होत्या, आणि त्यांच्याबरोबर ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन या उद्योजकांच्या संघटनाही होत्या. हे मला फार महत्त्वाचे वाटते. हिशेब मागणे म्हणजे उद्योगाशी वैर, असा एक समज पसरवला जातो. इथे ठाण्याचा कारखानदार आणि गिरगावातली गृहिणी एकाच बाकावर बसून वीज मंडळाला प्रश्न विचारत होते.

त्या सुनावण्यांतून बाहेर आलेली एक गोष्ट अशी. वीज मंडळ वर्षानुवर्षे वीजगळती १८ टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगत असे. शेतीपंपांना मीटर नसल्यामुळे जी वीज कुठे गेली ते सांगता येत नव्हते, ती शेतकऱ्याच्या नावावर टाकली जाई. आयोगापुढे प्रश्न विचारले गेले, पंप किती तास चालतात, किती अश्वशक्तीचे आहेत, पाण्याची पातळी किती, असा ताळा घातला गेला, आणि गळतीचा आकडा ३० टक्क्यांच्या पुढे गेला. चोरी आणि नादुरुस्ती लपवण्यासाठी शेतकऱ्याची पाठ वापरली जात होती. विजेवर सर्वांत जास्त अनुदान खातो म्हणून ज्याला दोष दिला जाई, त्या माणसाची बाजू एका आकड्याने थोडी तरी सावरली. नागरी संघटनांचे काम म्हणजे घोषणा, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या सुनावण्यांची कागदपत्रे पाहावीत. नीरस आकडे आहेत, पण त्यात न्याय आहे.

आता दुसरी गोष्ट, स्टरलाइटची. औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, १९९२ मध्ये कंपनीला पाचशे एकर जमीन दिली. तांब्याची भट्टी म्हणजे गंधकाचे वायू, आर्सेनिकसारखी द्रव्ये, आम्लयुक्त सांडपाणी. आंबा बागायतदार आणि मच्छीमार दोघेही धास्तावले आणि वर्षभर जोराचे आंदोलन झाले. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबवायला सांगितले. कंपनी गेली. रत्नागिरीकरांनी या विजयाचा अभिमान बाळगला तर त्यात काही गैर नाही, मीही तो बाळगतो.

पण कंपनी गेली कुठे? ३० ऑक्टोबर १९९४ रोजी तमिळनाडूत तूतुकुडी इथे तिच्या कारखान्याची पायाभरणी झाली. तिथे पुढली पंचवीस वर्षे काय घडले ते आपल्याकडे फारसे कोणी वाचले नाही. १९९६ पासून तिथल्या एका पर्यावरण संस्थेचा खटला मद्रास उच्च न्यायालयात चालू होता. सप्टेंबर २०१० मध्ये उच्च न्यायालयाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१३ रोजी तो आदेश रद्द केला, पण १९९७ पासून प्रदूषण झाल्याचे मान्य करून कंपनीला १०० कोटी रुपये भरायला लावले. पुढे कारखान्याची क्षमता दुप्पट करण्याचा प्रस्ताव आला, लोक पुन्हा रस्त्यावर आले, आणि आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, २२ मे २०१८ रोजी, पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसे मेली. त्यानंतर राज्य सरकारने कारखाना कायमचा बंद करण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले.

मला या गोष्टीचा त्रास होतो, तो यासाठी की रत्नागिरीत १९९३ साली जे प्रश्न विचारले गेले होते, त्यांची उत्तरे कोणी दिलीच नाहीत. कंपनीने दिली नाहीत, सरकारनेही दिली नाहीत. प्रकल्प उचलून दुसरीकडे ठेवला, एवढेच. हवेत किती वायू जाणार, सांडपाणी कुठे जाणार, अपघात झाला तर जबाबदार कोण, हे प्रश्न तेराशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर दुसऱ्या मच्छीमारांनी पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. आपले गाव वाचवणे हा हक्क आहे, पण त्याने कंपनी उत्तरदायी होत नाही. त्यासाठी एका गावाचे ज्ञान दुसऱ्या गावापर्यंत नेणारे कोणीतरी लागते, कागद सांभाळणारे लागते, भाषा ओलांडणारे लागते. हे काम संस्थांचे. तेव्हा आपल्याकडे ते करणारे पुरेसे नव्हते आणि आजही नाहीत.

अशा कामाला अचूकपणा का लागतो, याचे एक उदाहरण देतो आणि पुढे जातो. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने शीतपेयांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. दोन बलाढ्य कंपन्यांनी ते खोडून काढण्यासाठी आकाशपाताळ एक केले. संसदेची संयुक्त समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष शरद पवार होते. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने संस्थेचे निष्कर्ष बरोबर असल्याचे सांगितले. संस्था टिकली ती तिच्या प्रमुख सुनीता नारायण यांच्या धैर्यामुळे, हे खरेच, पण प्रयोगशाळेतल्या नोंदी चोख होत्या म्हणूनही टिकली. एक चुकीचा आकडा सापडला असता तर देशातल्या सगळ्या संस्थांच्या तोंडावर तो पुढली वीस वर्षे फेकला गेला असता.

आता आजच्या काळात येतो, कारण माझे खरे म्हणणे इथे आहे.

कंपनी कायदा, २०१३ मधल्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. आज या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या, वाटेने देशात दरवर्षी पंचवीस हजार कोटींहून अधिक रुपये खर्च होतात. या पैशातून शाळांच्या खोल्या झाल्या, बंधारे झाले, रुग्णवाहिका आल्या, करोनाच्या काळात प्राणवायूची यंत्रे आली. हे सगळे हवेच होते. मी त्याला नावे ठेवणार नाही.

पण या कायद्याने कंपनी आणि संस्था यांचे नाते बदलले. पूर्वी संस्था कंपनीला प्रश्न विचारायची किंवा तिच्यापासून लांब तरी असायची. आता बहुतेक संस्थांसाठी कंपनी ही देणगीदार झाली आणि संस्था झाली ‘अंमलबजावणी भागीदार’. एखाद्या रासायनिक वसाहतीच्या कडेला फिरता दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचा विचार करा. तिच्या डॉक्टरला रोज दिसते की या वाडीत दम्याचे रुग्ण जास्त येतात, त्या पाड्यावर अंगाला खाज सुटलेली मुले येतात. ही नोंद सोन्यासारखी आहे. पण दवाखान्याचा करार मार्चमध्ये संपतो, नूतनीकरण कंपनीच्या सीएसआर विभागाच्या हातात असते, आणि कार्यकर्त्यांचे पगार त्यावर अवलंबून असतात. ती संस्था ही नोंद घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाईल का? तिला कोणी धमकावण्याची गरजच पडत नाही. प्रश्न विचारायचा राहून जातो आणि कालांतराने तो सुचेनासा होतो. चांगली, कष्टाळू, प्रामाणिक माणसे अशी गप्प झालेली मी पाहिली आहेत. त्यांना दोष देणे मला जमत नाही, पण जे झाले ते वाईट झाले असे मी म्हणतो.

त्यात दुसरीकडून २०२० साली परकीय देणगी कायद्यात बदल झाले. मोठ्या संस्थेने परदेशातून आलेल्या देणगीतला वाटा खेड्यातल्या लहान संस्थेला देण्यावर बंदी आली, कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आकडे गोळा करणे, कागद वाचणे, सुनावणीला वकील घेऊन जाणे, हे काम बव्हंशी माणसांच्या पगाराचे असते. त्याला बंधाऱ्यासारखी कोनशिला बसवता येत नाही. म्हणून देणगीदाराला ते दिसत नाही, आणि कायद्याच्या भाषेत ते सहज ‘कार्यालयीन खर्च’ ठरू शकते.

माझे मत मी स्पष्ट सांगतो. ज्या कंपनीला प्रश्न विचारायचे त्या कंपनीचा पैसा घेता येणार नाही, चांगल्या कामासाठीही नाही. सेवेचे काम करणाऱ्या संस्थांनी सीएसआरचा पैसा जरूर घ्यावा. पण प्रत्येक जिल्ह्यात निदान एक संस्था अशी हवी, जिचा खर्च तिथल्या लोकांच्या वर्गणीतून चालतो. हे अशक्य नाही. महाराष्ट्राने ते करून दाखवले आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढल्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या घरांनी संघ करून महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा, भाव आणि वजन आपणच तपासायचे, अशी ती रचना. त्या डाळ-तांदळाच्या वाटपातून सभासद तयार झाले आणि सभासदांच्या पैशातून संस्था चालली. म्हणून वीज कंपन्या असोत वा बिल्डर, तिला कोणाची भीड बाळगावी लागली नाही. स्थावर संपदा कायदा झाल्यानंतर २०१८ मध्ये महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने सलोखा मंच सुरू केला, त्यात ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधी आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी शेजारी बसून तक्रारी सोडवू लागले. बिल्डरच्या शेजारी बसूनही त्याच्या उपकारात न राहणे जमते, कारण आपला चहा आपल्या पैशाचा असतो.

कंपन्या आता स्वतःच अहवाल देतात, मग संस्थांची गरज काय, असेही विचारले जाते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांना दरवर्षी जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात पाणी किती वापरले, कचरा किती झाला, कामगार किती जखमी झाले, हे सगळे येते. एका तक्त्यात तर आसपासच्या लोकसमूहांकडून वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती प्रलंबित आहेत तेही लिहायचे असते. नियम चांगला आहे. पण त्या रकान्यात शून्य लिहिलेले असेल तर ते शून्य खरे की खोटे, हे मुंबईत बसलेल्या गुंतवणूकदाराला कसे कळणार? ते खेडच्या किंवा चिपळूणच्या माणसालाच कळू शकते, ज्याने स्वतः अर्ज दिला आहे आणि पोच जपून ठेवली आहे. शिवाय आपल्याच जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतीतल्या अनेक कंपन्या शेअर बाजारात नाहीत, त्यांना हा नियमच लागत नाही. दाभोळ खाडीतले मच्छीमार मेलेल्या माशांबद्दल कित्येक वर्षे सांगत आले आहेत. त्यांच्यासाठी सेबीचा अहवाल पुरा पडणार नाही.

कंपनीच्या पैशातून होणाऱ्या तपासणीवर किती विसंबायचे, हे बांगलादेशाने फार मोठी किंमत देऊन जगाला दाखवले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार मेले, त्यांत बहुसंख्य मुली आणि बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर यायला लावले. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची परदेशी ब्रँडांसाठी होणारी सामाजिक तपासणी झालेली होती. त्यानंतर महिन्याच्या आत जागतिक कामगार संघटनांनी कपड्यांच्या ब्रँडांकडून एक करार करवून घेतला, आणि नागरी संघटनांनी त्यावर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. हा करार कायद्याने बांधणारा होता. तपासनीस कंपनीचे नव्हते, प्रत्येक कारखान्याचा तपासणी अहवाल जाहीर होत होता, आणि ब्रँडने शब्द पाळला नाही तर लवादाकडे नेता येत होते. दोन ब्रँडांना तसे हेगच्या लवादापुढे नेलेही गेले, आणि त्यांतल्या एकाने २०१८ च्या सुरुवातीला कारखाने दुरुस्तीसाठी तेवीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. दोनशेहून अधिक ब्रँड आणि सुमारे सोळाशे कारखाने त्या कराराखाली आले. ऐच्छिक आचारसंहितांनी वीस वर्षांत जे झाले नव्हते ते सही, जाहीर कागद आणि लवाद या तीन गोष्टींनी झाले.

आता संस्थांबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर माझे बोलणे एकतर्फी होईल. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायचा, कारखानदाराला भेटायचे आणि अर्ज मागे घ्यायचा, असा धंदा करणारे लोक आहेत. ‘सेटलमेंट’ हा शब्द एमआयडीसीच्या परिसरात सगळ्यांना कळतो. जनसुनावणीत तावातावाने बोलून महिन्याभरात त्याच प्रकल्पाचे मातीकामाचे कंत्राट घेणारेही आहेत. हे लोक प्रामाणिक कार्यकर्त्याचे जेवढे नुकसान करतात तेवढे कुठलीही कंपनी करत नाही. म्हणून हिशेब मागणाऱ्या संस्थेने आपला जमाखर्च, देणगीदारांची नावे, कंपन्यांशी झालेला पत्रव्यवहार आणि भेटींची टिपणे फलकावर लावली पाहिजेत. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब पाठवला म्हणजे काम झाले, असे समजू नये. ज्या गावाच्या नावाने बोलतो त्या गावाला तो दाखवावा. आणि आपला आरोप चुकला असेल तर तो जेवढ्या मोठ्याने केला तेवढ्याच मोठ्याने मागे घ्यावा.

शेवटी एक विनंती करतो, आणि ती या वाचनालयालाच आहे.

कायद्याने काही कागद आधीच आपले करून ठेवले आहेत. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. प्रदूषण मंडळाची संमती लागणाऱ्या प्रत्येक कारखान्याला ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र द्यावे लागते. त्यात पाणी किती घेतले, किती सोडले, त्यात काय होते, घातक कचरा किती झाला, हे असते. नव्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना निघते आणि पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. हे कागद फार थोडे लोक मागतात. मागितले तर ते इंग्रजीत असतात, तांत्रिक असतात आणि एकट्या माणसाला ते वाचून दमायला होते.

या वाचनालयात एक कपाट रिकामे करा. त्यात तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या कारखान्याची एक फाइल ठेवा: मंजुरीपत्र, संमतीपत्र, सहामाही अहवाल, विवरणपत्र, आणि लोकांनी दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या. महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या दोन प्राध्यापकांना, एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला आणि खाडीवरच्या दोन मच्छीमारांना महिन्यातून एक रविवार त्या फाइली वाचायला बसवा, आणि जे समजले ते मराठीत दोन पानांत लिहून फलकावर लावा. कारखान्याच्या व्यवस्थापकालाही त्या बैठकीचे निमंत्रण द्या, त्याचे उत्तर त्याच फलकावर तेवढ्याच जागेत लावा. कंपनीकडून कपाटासाठीही पैसे घेऊ नका. वर्गणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडा.